कॉम्प्युटरवरची शेती : जुनी आणि नवी



दिवाळीनंतरच्या वर्गात बाईंनी "माझा आवडता खेळ" या विषयावर पाच ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. क्रिकेट, सॉकर, बुद्धिबळ हे तर आलेच. पण चार-पाच मुलांनी चक्क "शेती" असे लिहिले! बाईंना वाटले, ऑक्टोबरात भोपळे आणायला आपण सगळे स्नोहोमिशला जातो त्याबद्दल असेल. मग उलगडा झाला की ही शेती कॉम्प्युटरवरची. आम्ही सॉफ्टवेअरवाले आणि त्यातून परभणी जिल्ह्यातले, तेव्हा "हा काय प्रकार आहे ते तुम्हीच समजावून लिहा" असे फर्मान निघाले. लहानपणी शेतात जायचे म्हटले की ज्यांचे पोट दुखायचे, त्या आमच्यावर हे काम यावे हा काव्यगत न्यायच म्हणायचा.

शेतीचा खेळ आम्ही पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगला असताना, हॉस्टेलवर एका मित्राच्या कॉम्प्युटरवर. त्याचे नाव सिमफार्म. कॅलिफोर्नियातल्या मॅक्सिस कंपनीने तो १९९३ साली काढला. याच कंपनीचा शहर वसवण्याचा सिमसिटी हा खेळ तेव्हा गाजत होता, त्याचा हा खेड्यातला भाऊ. अमेरिकेच्या कोणत्या भागात शेत घ्यायचे ते आधी ठरवायचे, तिथले हवामान बघून पीक निवडायचे, बँकेचे कर्ज काढायचे, ट्रॅक्टर घ्यायचा, आणि मग दुष्काळ, कीड, चक्रीवादळ यांची वाट पाहायची. बाजारभाव वर-खाली होत असत. पुढे येणाऱ्या पिकाचा सौदा आधीच करून ठेवण्याचीही सोय होती. चित्रे मात्र ठोकळ्यांसारखी. गाय कोणती आणि दगड कोणता हे अंदाजाने ओळखायचे. आम्ही पहिल्याच वर्षात कर्जबाजारी झालो. "शेतकऱ्याच्या पोराला शेती जमत नाही!" म्हणून सगळी खोली हसली. आम्हीही हसलो, पण थोडे कमी.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९६ साली, जपानमध्ये एक अगदी निराळा खेळ निघाला. अमेरिकेत तो १९९७ साली सुपर निंटेंडोवर "हार्वेस्ट मून" या नावाने आला. तो ज्यांच्या कल्पनेतून उतरला ते यासुहिरो वादा हे गृहस्थ मूळचे मियाझाकी या शेतीच्या मुलखातले. नोकरीसाठी ते टोकियोला आले आणि शहरात राहून गावाकडच्या आठवणीने त्यांना हा खेळ सुचला. हे वाचल्यावर आम्हाला वादासाहेब एकदम ओळखीचे वाटू लागले. आपल्या वर्गातल्या निम्म्या पालकांचीही गोष्ट हीच, फक्त आपण त्यावर खेळ काढला नाही इतकेच.

हार्वेस्ट मूनमध्ये कर्ज नाही, सौदे नाहीत. एक मुलगा, एक ओसाड शेत आणि अडीच वर्षांची मुदत. वसंतात सलगम आणि बटाटा, उन्हाळ्यात मका आणि टोमॅटो. बस्स, चारच पिके! गाईला रोज चारा घालायचा, तिच्याशी बोलायचे, तिला खरारा करायचा. गंमत म्हणजे संध्याकाळचे सहा वाजले की खेळातले घड्याळच थांबते. मग अंगात ताकद असेल तोवर रात्रभर काम करा, पहाट काही होत नाही. अडीच वर्षे संपली की घरचे लोक येऊन शेत पाहतात आणि खेळ संपतो. पुढे या मालिकेच्या नावावरून दोन कंपन्या वेगळ्या झाल्या. त्यामुळे २०१४ पासून "हार्वेस्ट मून" नावाने निघणारे खेळ एका घरचे आणि वादांच्या मूळ मालिकेचे पुढचे भाग "स्टोरी ऑफ सीझन्स" या नावाने. दुकानात घेताना पालकांचा गोंधळ होतो तो यामुळे.

मधल्या काळात, २००९ साली, फेसबुकवर फार्मव्हिल आले. तुमच्यापैकी काहींच्या आज्यासुद्धा ते खेळत! त्यात घड्याळ खेळातले नव्हते, तुमच्या भिंतीवरचेच होते. स्ट्रॉबेरी लावली की चार तासांनी तयार, आणि वेळेवर तोडली नाही तर ती वाळून जायची. लोक ऑफिसच्या मीटिंगमधून उठून स्ट्रॉबेरी तोडत असत. (आम्ही नावे सांगणार नाही.) ते ३१ डिसेंबर २०२० ला बंद पडले. आमच्या मते शेतीच्या खेळातला हा सर्वांत वाईट शोध. इथे पिकाला तुमची गरज नसते, कंपनीला तुमची गरज असते.

आता तुम्ही मुले खेळता तो स्टारड्यू व्हॅली. हा आपल्या सिॲटलकडचा, बरं का! एरिक बॅरोन नावाच्या तरुणाने टकोमाला युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधून कॉम्प्युटरची पदवी घेतली, नोकरी मिळेना, म्हणून लहानपणी आवडलेल्या हार्वेस्ट मूनसारखा खेळ स्वतःच करायला बसला. चित्रे, संगीत, गोष्ट, प्रोग्राम सगळे एकट्याने, साडेचार वर्षे. पोटासाठी तो सिॲटलच्या पॅरामाउंट थिएटरमध्ये लोकांना जागा दाखवायचे काम करी. २६ फेब्रुवारी २०१६ ला खेळ बाहेर आला आणि डिसेंबर २०२४ पर्यंत त्याच्या ४ कोटी १० लाखांहून अधिक प्रती खपल्या.

या खेळाच्या पोटात काय चालते ते सांगतो, कारण तो आमचा विषय. शेत म्हणजे चौकोनांचे एक मोठे पान समजा, आपल्या गणिताच्या वहीसारखे. प्रत्येक चौकोनाजवळ प्रोग्राम काही नोंदी ठेवतो : जमीन उकरली आहे का, काय पेरले आहे, पीक किती दिवसांचे झाले, आज पाणी मिळाले का. तुम्ही झोपलात की प्रोग्राम रात्री सगळ्या चौकोनांवरून एक फेरी मारतो. पाणी मिळाले असेल तर दिवस एकाने वाढव. नसेल तर आहे तिथेच ठेव. पार्सनिपचे (म्हणजे पांढऱ्या गाजरासारखा एक कंद) चार दिवस भरले की पीक तयार. पाणी द्यायला विसरलात तर रोप मरत नाही, नुसते थांबून राहते. एका चौकोनाच्या नोंदी शेजारच्या चौकोनात जवळजवळ जात नाहीत. आमच्या हॉस्टेलवरच्या कॉम्प्युटरलाही हे सहज झेपले असते.

बियाणे २० नाण्यांना, साधे पार्सनिप विकले की ३५ नाणी. दहा विका, हजार विका, पेटीत टाकले की ३५. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. १९९३ च्या सिमफार्ममध्ये भाव पडायचे. २०१६ च्या स्टारड्यूमध्ये पडत नाहीत. म्हणजे नवा खेळ अधिक खरा असतो असे काही नाही. स्टारड्यू सुंदर आहे, त्यात शेजारी आहेत, सण आहेत, पडझड झालेले समाजमंदिर आहे; पण बाजार मात्र त्यातून काढून टाकला आहे.

ज्यांना खरेपणा हवा ते फार्मिंग सिम्युलेटरकडे जातात. स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअर कंपनीची ही मालिका २००८ साली सुरू झाली. यात खऱ्या कंपन्यांचे खरे ट्रॅक्टर आणि त्यांची खरी अवजारे. आपल्याला मौज वाटेल ती त्यातल्या पिकांची : २०१७ मध्ये ऊस आला, २०१८ मध्ये कापूस, आणि नोव्हेंबर २०२४ च्या भागात भात आणि म्हैस! म्हणजे आता पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि कोकण एकाच खेळात. भावही वर-खाली होतात. ताज्या भागात ट्रॅक्टरच्या चाकांनी जमिनीत चाकोऱ्याही पडतात. गारपीट आणि वावटळी आहेत. पण त्या नको असतील तर सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतात.

तरीही एक शब्द या सगळ्या खेळांत आम्हाला कुठे सापडला नाही, तो म्हणजे वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, पाऊल टाकले तर रुतत नाही आणि मूठभर माती दाबली तर गोळा होतो पण हाताला चिकटत नाही, अशी जी अवस्था येते तो वाफसा. तो आला की तिफण जुंपायची. (तिफण म्हणजे तीन फणांचे पेरणीचे अवजार.) आमच्या काळ्या जमिनीत तो दोन दिवस टिकेल किंवा चार, ते ढगांवर. घाई केली आणि पावसाने दडी मारली तर बी जळते आणि पुन्हा विकत आणून पेरावे लागते. त्याला दुबार पेरणी म्हणतात. खेळात पेरलेले प्रत्येक बी उगवते. प्रोग्राममध्ये "कदाचित उगवणार नाही" असे लिहिणे काही कठीण नाही, एका ओळीचे काम आहे. ती ओळ लिहिली तर खेळ कोण विकत घेईल, हा प्रश्न आहे.

गावी आमचे थोरले बंधू साडेचार एकर कसतात. सोयाबीन आणि तूर, मग हरभरा. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सोयाबीन काढणीला आले होते तेव्हाच. त्या रविवारी आम्ही व्हिडिओ कॉल लावला. दादांनी फोन फिरवून शेत दाखवले. शेत नव्हतेच, पाणी होते, आणि त्यातून वर आलेली काळी पडलेली शेंडे. आमचे चिरंजीव, वय वर्षे अकरा, शेजारी उभे. स्टारड्यूमध्ये दिवसाची नोंद तुम्ही झोपल्यावरच होते. दिवस वाईट गेला तर झोपायच्या आधी खेळ बंद करायचा, पुन्हा सुरू केला की तीच सकाळ नव्याने मिळते. सगळी मुले ही युक्ती वापरतात. चिरंजीव अगदी काळजीने म्हणाले, "मोठे काका, तुम्ही अजून झोपला नाहीत ना?"

दादांना काही कळेना. त्यांना वाटले, पोरगा तब्येतीची चौकशी करतोय. "नाही रे बाळा," ते म्हणाले, "दोन रात्री झाल्या." आम्ही मध्येच काहीतरी बोलून विषय बदलला. नंतर चिरंजीवांनी विचारले की आपण काय चुकीचे बोललो. काहीच चुकीचे नव्हते, पण ते समजावून सांगायला आम्हाला तासभर लागला आणि पार्सनिपचे उदाहरण फारसे उपयोगी पडले नाही.

पुढचा प्रश्न त्यांनीच काढला : मग उरलेले सोयाबीन पेटीत टाकले की किती मिळणार? त्या वर्षी सरकारने सोयाबीनला क्विंटलमागे ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर केला होता. दादांच्या मालात ओल धरलेली, दाणा डागी. व्यापाऱ्याने मुठीत धरून पाहिला, फुंकर मारली आणि ३,४०० सांगितले. हा भागाकार चिरंजीवांनी वहीत करून पाहिला, तेव्हा बियाणे, खत आणि काढणी वजा जाता उत्तर शून्याच्या खाली आले. त्यांनी दोनदा तपासले.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो. शेतात हरभरा घाट्यावर येत होता. चिरंजीव बांधावरून दोन दिवस हिंडले, पायात काटा मोडून घेतला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी काकांना आपले शेत दाखवायला बसले. दादांनी चष्मा लावून नीट पाहिले. झारीने एकेका रोपाला पाणी घालताना पाहून "ह्याला जन्म जाईल" म्हणाले. तुषार सिंचनाचे नळ बसवल्याचे दिसल्यावर मान डोलावली. बुजगावणे पाहून खूश झाले. मग चिरंजीवांनी खेळातल्या घरातला टीव्ही लावला. त्यावर उद्याचे हवामान सांगतात.

"हे खरे होते का?" दादांनी विचारले.

"नेहमी," चिरंजीव म्हणाले. "कधीच चुकत नाही."

दादा इतके हसले की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मग डोळे पुसत म्हणाले, "बाकी सगळे राहू दे तिकडे अमेरिकेत. हा टीव्ही तेवढा काढून दे मला."