चिकट तांदळाची विद्या

केटरिंग कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींचे मोबाइल सध्या हिरव्या-निळ्या मिठायांच्या फोटोंनी भरलेले असतात. माझ्या मैत्रिणीची मुलगी त्यांतलीच, मुंबईत तिसऱ्या वर्षाला. फ्रेंच पेस्ट्रीत तिला गुण चांगले पडतात, पण जीव अडकलाय तो मलेशिया-सिंगापूरच्या ‘कुई’त आणि थायलंडच्या ‘खनोम’मध्ये. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला तिने हाच विषय घेतला, आणि तिच्याबरोबर माझंही वाचन सुरू झालं. वाचता वाचता एक मत पक्कं होत गेलं. या मिठायांच्या रंगाने वेडावणाऱ्याने रंगापाशी थांबू नये. खरी विद्या पिठात आहे.

तेव्हा रंगाचं आधी उरकून घेऊ. हिरवा येतो पांदानच्या पानांतून. ही केवड्याच्याच कुळातली लांब, अरुंद पाती. वाटून पिळलेला रस पिठात घालतात, किंवा अख्ख्या पातीला गाठ मारून ती नारळाच्या दुधात उकळतात. तिचा वास आपल्याला परका वाटत नाही, याला कारण आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले रसायनशास्त्रज्ञ रॉन बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सुवासिक तांदळाच्या वासामागचं मुख्य द्रव्य दाखवून दिलं: २-ॲसिटिल-१-पायरोलिन. पांदानच्या पानातही तेच निघालं, आणि तांदळापेक्षा कितीतरी जास्त. बासमतीत ते आहे, आपल्या आंबेमोहोरातही आहे. निळा रंग गोकर्णाच्या फुलांचा. आपल्या कुंपणावरची वेल तिथे चिकट भाताला निळी छटा देते. वर लिंबू पिळलं की तोच रंग जांभळा होतो. दोन्ही रंग बाटलीतूनही मिळतात. वास मात्र बाटलीला जमत नाही.

आता पीठ. केटरिंगच्या शिक्षणात गोड म्हणजे मुख्यतः लोणी, मैदा, अंडं, साय आणि ओव्हन. कुईच्या स्वयंपाकघरात बहुतेक काम वाफेवर चालतं आणि लोण्याची जागा नारळाचं दूध घेतं. मैद्याला ताण देणारं ग्लुटेन तांदळात नाही. मग पदार्थ उभा राहतो कशावर? पिष्टावर. तांदळाच्या पिष्टात दोन घटक असतात, ॲमिलोज आणि ॲमिलोपेक्टिन. मोकळ्या शिताच्या तांदळात ॲमिलोज साधारण वीस-पंचवीस टक्के, चिकट तांदळात जवळजवळ शून्य. पहिल्याचं पीठ शिजून थंड झालं की घट्ट बसतं, सुरीने स्वच्छ कापलं जातं. दुसऱ्याचं ताणलं जातं आणि बराच वेळ मऊ राहतं. त्यात टॅपिओका मिसळला की चकाकी आणि लवचीकपणा येतो, मुगाचं सत्त्व मिसळलं की दाताखाली तुटण्यातला ठामपणा येतो. (आपला उपासाचा साबुदाणाही टॅपिओकाचाच, बहुतांशी तमिळनाडूतल्या सेलमकडचा. मूळचे सागोचे दाणे मलय द्वीपसमूहातल्या सागो ताडाच्या खोडातले. हे कळल्यावरही एकादशी मोडत नाही.) नारळाच्या दुधात देतात त्या चेंडोलच्या हिरव्या शेवया म्हणजे तांदूळ आणि मुगाचं सत्त्व यांचं शिजवलेलं पीठ भोकाच्या झाऱ्यातून थंड पाण्यात पाडायचं. त्यात अनेक जण चुन्याची निवळी घालतात. कोहळ्याचा पेठा करणाऱ्याला ती का, हे सांगावं लागणार नाही.

या विद्येची परीक्षा पाहायची तर ‘कुई लापिस’ करावी. मलाक्का, पेनांग आणि सिंगापूर इथे स्थायिक झालेल्या चिनी व्यापाऱ्यांच्या आणि स्थानिक स्त्रियांच्या वंशजांना पेरानाकान म्हणतात. त्यांच्या घरांत ही नऊ थरांची वडी होते. तांदळाचं आणि टॅपिओकाचं पीठ, नारळाचं दूध, साखर, चिमूटभर मीठ. एक थर ओतायचा, चार-पाच मिनिटं वाफवायचा, मग पुढचा. खालचा थर कच्चा असला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. जास्त शिजला तर वर तेल सुटतं आणि थर सुटे होतात. झाकणाला फडकं बांधावं लागतं, नाहीतर वाफेचं पाणी ठिपकून वरचा थर खड्डेदार होतो. सगळं जमल्यावर खरी शिक्षा: काही तास हात लावायचा नाही. पिष्टाला बसायला वेळ हवा. गरम कापली तर सुरीला चिकटून लगदा. ओव्हनमधून काढून लगेच मिरवायची सवय लागलेल्या विद्यार्थ्यांना हेच जड जातं. मुलं ही वडी एकेक थर सोलून खातात. परीक्षकांनीही तशीच खाऊन पाहावी, थर नीट सुटले की नाही ते कळतं.

थायलंडची अंड्याची सोनेरी मिठाई हा वेगळाच प्रांत. तिची गोष्ट सांगताना जुनी राजधानी अयुथया इथे जन्मलेल्या मारिया गुयोमार द पिन्या हिचं नाव येतंच. जपानी, पोर्तुगीज आणि बंगाली वंशाची ही बाई. नवरा कॉन्स्टंटाइन फॉल्कन ग्रीक, राजा नाराईचा लाडका मंत्री. १६८८च्या सत्तापालटात त्याचा शिरच्छेद झाला. पुढे ती राजवाड्याच्या मुदपाकखान्यात अधिकारी झाली. पाकात सोडलेल्या बलकाच्या तारा, ‘फोय थोंग’, तिने आणल्या असं थाई परंपरा मानते. मला हे श्रेय एकटीला देणं पटत नाही. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून अयुथयात राहत होते, आणि त्यांच्या वस्तीतल्या चुलींवर तोवर काहीच शिजलं नसेल हे मानणं अवघड आहे. पण मला जास्त रस आहे तो ‘लूक चुप’मध्ये. पोर्तुगालात बदामाच्या लगद्याची फळं घडवतात. सयामात, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, बदाम पिकत नाही, म्हणून शिजवलेल्या मुगाच्या डाळीचा लगदा नारळाच्या दुधात आणि साखरेत आटवला, त्याच्या इवल्या मिरच्या आणि आंबे वळले, रंगवले, अगरच्या पाकात बुडवले. चव बदामाच्या जवळपासही जात नाही. पदार्थ मात्र स्वतःच्या पायांवर उभा आहे.

पोर्तुगिजांची वाट आपल्या दारावरूनच जाते. त्यांचा सेनापती अल्बुकर्क याने १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५११ मध्ये मलाक्का. पुढची सव्वाशे वर्षं दोन्ही बंदरं एकाच सत्तेखाली होती. आज नाताळात गोव्यात दोदोल घोटतात आणि ईदेला मलेशियात दोदोल घोटतात. दोन्हीकडे नारळाचं दूध, ताडकुळातल्या झाडाचा काळा गूळ आणि हात भरून येईपर्यंत ढवळणं. फरक पिठाचा. मलय दोदोल चिकट तांदळाचा, म्हणून तो ओढला जातो. गोव्याचा साध्या तांदळाचा, म्हणून त्याची वडी पडते. भांड्यातली रीत समुद्र ओलांडून गेली, तांदूळ ज्याच्या त्याच्या शेतातला राहिला.

मैत्रिणीच्या मुलीची अडचण नेमकी हीच होती. क्लेपॉन, म्हणजे आत गुळाचा खडा आणि बाहेर ओलं खोबरं लावलेल्या उकडलेल्या गोळ्या, तिने घरातल्या मोदकाच्या पिठाच्या केल्या. त्या उकळत्या पाण्यात फुटल्या. चिकट तांदळाचं थाई पीठ मुंबईत मिळतं, पण महाग. उपाय ईशान्येला सापडला. लाओस आणि उत्तर थायलंडपासून शान प्रदेशातून पसरलेला चिकट तांदळाचा पट्टा आसाम-मणिपूरपर्यंत येतो. आसामात बिहूचे पिठे ज्याचे करतात तो बोरा तांदूळ याच जातकुळीतला. तो भिजवून ओलाच वाटायचा, फडक्यात बांधून पाणी निथळू द्यायचं. कोरडं दळलेलं पीठ भरड राहतं आणि गोळीला चिरा पाडतं.

पाककृती शोधायला तिला मी डेव्हिड थॉम्पसन यांची रीत सांगितली. थाई अन्नावर २००२ मध्ये मोठा ग्रंथ लिहिणारा हा ऑस्ट्रेलियन आचारी जुन्या अंत्यविधींच्या स्मरणपुस्तिका धुंडाळत असे. थायलंडमध्ये दहनाच्या वेळी मृताच्या नावे पुस्तिका वाटण्याची चाल आहे, आणि अनेक घराण्यांनी त्यांत गेलेल्या बाईच्या पाककृती छापल्या. आपल्याकडे तेराव्याला असं काही वाटलं असतं तर कोकणातल्या निम्म्या पाककृती वाचल्या असत्या.

प्रकल्पात आता ती तीन पिठांच्या क्लेपॉन शेजारी शेजारी मांडणार आहे: बोरा, थाई आणि आंबेमोहोर. गूळ तोच, खोबरं तेच. गुणपत्रिका मात्र कॉलेजची नेहमीचीच आहे. तिच्यात खुसखुशीतपणाला दहा गुण आहेत आणि वरच्या सोनेरी रंगाला पाच.