मधुमेह व फुप्फुसकार्य, फिलिपिनो प्रौढांतील

मधुमेहामुळे डोळे, वृक्के, तंत्रिका व रक्तवाहिन्या यांना अपाय होतो, हे सर्वपरिचित आहे. फुप्फुसांचा विचार मात्र उशिरा सुरू झाला. इ. स. १९७६ मध्ये तरुण मधुमेही रुग्णांच्या फुप्फुसांची स्थितिस्थापकता बिघडलेली आढळल्याचे प्रसिद्ध झाले व त्यानंतर या दिशेने संशोधन वाढत गेले. रक्तातील अतिरिक्त ग्लुकोज कोलॅजेन या प्रथिनाला चिकटते व त्यामुळे फुप्फुसाचे ऊतक ताठर बनते. वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांची भित्ती जाड होते. तंत्रिकाविकृतीमुळे श्वसनाच्या स्नायूंचे बळही घटू शकते. अमेरिकेतील मध्यमवयीन व्यक्तींच्या एका दीर्घकालीन पाहणीत, पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर सोडलेल्या हवेचे आकारमान मधुमेह्यांत दरवर्षी सरासरी ६४ मिलि.ने, तर इतरांत ५८ मिलि.ने कमी होत असल्याचे आढळले. फरक लहान आहे आणि फुप्फुसांची राखीव क्षमता मोठी असल्याने रुग्णाला तो जाणवत नाही. ज्यांची राखीव क्षमता आधीच कमी आहे, त्यांच्या बाबतीत मात्र तो उपेक्षणीय ठरत नाही.

फिलिपिनो लोकांत असे होण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. त्यांच्यात मधुमेह अनेकदा स्थूलतेवाचून उद्‌भवतो. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे स्थायिक झालेल्या फिलिपिनो स्त्रियांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण ३६% आढळले. त्याच भागातील गौरवर्णीय स्त्रियांत ते ९% होते. मधुमेही फिलिपिनो स्त्रियांपैकी रूढ व्याख्येनुसार स्थूल अशा सुमारे दशांशच होत्या. अशा निष्कर्षांमुळे अमेरिकेतील मधुमेह संघटनेने २०१५ मध्ये आशियाई वंशाच्या प्रौढांची मधुमेहासाठी चाचणी शरीर-वस्तुमान निर्देशांक २३ असल्यापासूनच करावी, असे ठरविले. दुसरे कारण क्षयरोगाचे. जगातील सर्वाधिक क्षयरुग्ण असलेल्या देशांत फिलिपीन्सची गणना होते आणि मधुमेह असलेल्या व्यक्तीस क्षय होण्याचा धोका सुमारे तिपटीने वाढतो. क्षय बरा झाला, तरी फुप्फुसांत व्रण राहतात.

फुप्फुसकार्य श्वसनमापकाने मोजतात आणि आलेला आकडा त्याच वयाच्या, लिंगाच्या व उंचीच्या निरोगी व्यक्तीच्या अपेक्षित मूल्याशी ताडून पाहतात. अडचण येथेच सुरू होते. चाळीस वर्षांवरील व्यक्तींच्या एका आंतरराष्ट्रीय फुप्फुसरोग-पाहणीत (तिची केंद्रे पुढे मुंबई व पुणे येथेही होती) फुप्फुसांचे आकारमान अपेक्षेपेक्षा कमी असणाऱ्यांचे प्रमाण सिडनीतील पुरुषांत ४.२%, तर मानिलातील स्त्रियांत ४८.७% आढळले. एखाद्या शहरातील जवळजवळ निम्म्या स्त्रिया रोगी ठराव्यात, हे सहज पटणारे नाही. अपेक्षित मूल्ये अमेरिकेतील गौरवर्णीयांच्या मोजमापांवरून घेतलेली होती, हे त्याचे एक स्पष्टीकरण होय. २०१२ मध्ये आलेल्या जागतिक समीकरणांत आग्नेय आशियासाठी स्वतंत्र गट होता, परंतु त्याची आधारसामग्री थायलंड, तैवान व दक्षिण चीन येथील होती. त्यानंतर तयार झालेल्या वंशनिरपेक्ष समीकरणांचा वापर करावा, अशी शिफारस अमेरिकन वक्षरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ मध्ये केली. तथापि, सारा दोष मापदंडावर टाकणे सोयीचे असले, तरी योग्य नव्हे. बालपणातील कुपोषण, चुलीचा धूर व क्षय यांनी लहान राहिलेले फुप्फुस हे खरोखरच लहान असते. वंशानुसार मापदंड खाली आणल्यास हीच हानी ‘स्वाभाविक’ म्हणून नोंदली जाण्याचा संभव असतो.

हा प्रश्न केवळ संख्याशास्त्राचा नाही, हे श्वासावाटे घ्यावयाच्या इन्शुलिनाच्या इतिहासावरून दिसते. ‘एक्झुबेरा’ हे असे पहिले औषध अमेरिका व यूरोप येथे २००६ मध्ये मान्य झाले. ज्यांचे फुप्फुसकार्य अपेक्षित मूल्याच्या ७०% हून कमी आहे, त्यांना ते सुरू करू नये, असा दंडक होता. म्हणजेच औषध कोणास मिळावे, हे निवडलेल्या मापदंडावर अवलंबून होते. खप न झाल्याने उत्पादकाने ऑक्टोबर २००७ मध्ये ते मागे घेतले. २०१४ मध्ये अमेरिकेत ‘अफ्रेझा’ हे चूर्णरूप औषध मान्य झाले. त्याच्या चिकित्सालयीन चाचण्यांत पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे आकारमान तुलनेतील गटापेक्षा सुमारे ४० मिलि. अधिक घटले; ही घट पहिल्या तीन महिन्यांतच दिसली व दोन वर्षांपर्यंत टिकली, परंतु वाढत गेली नाही. या निष्कर्षाचा आधार जुनाट फुप्फुसरोग नसलेले रुग्ण होते. दमा किंवा श्वसनमार्गाचा जुनाट अवरोधी रोग असल्यास तीव्र श्वासनलिका-आकुंचनाच्या धोक्यामुळे हे औषध वर्ज्य आहे. इतरांची श्वसनमापन चाचणी उपचारापूर्वी, सहा महिन्यांनी व पुढे दरवर्षी करावी लागते. क्षयाचे व्रण असलेल्या मधुमेह्यास चाळीस मिलि. कितपत जाणवतील, याचे उत्तर अशा चाचण्यांतून मिळत नाही. भारतात डिसेंबर २०२४ मध्ये या औषधास मान्यता मिळाली असल्याने हा प्रश्न आपल्याकडेही उपस्थित होतो.

क्षय व मधुमेह एकत्र असता तोंडाने घ्यावयाच्या औषधांबाबतही काळजी घ्यावी लागते. रिफँपिसीन हे क्षयप्रतिबंधक औषध यकृतातील एंझाइमांना उत्तेजित करते. त्यामुळे सल्फोनिलयूरिया गटातील औषधांची रक्तातील पातळी घटून साखर वाढते. क्षयोपचार संपल्यावर हाच परिणाम उलटतो आणि मात्रा तीच ठेवल्यास रक्तशर्करा धोकादायक रीत्या खाली जाऊ शकते. मेटफॉर्मिनावर असा परिणाम फारसा होत नाही. क्षयाचा उपचार पूर्ण झालेल्या मधुमेह्याची श्वसनमापन चाचणी त्याच वेळी करून तो आकडा नोंदवून ठेवल्यास पुढील वर्षांची तुलना परक्या मापदंडाशी न करता त्याच्या स्वतःच्याच मूल्याशी करता येते.