कार्डाचे पॉइंट : आवळा कुणाला, कोहळा कुणाला?

क्रेडिट कार्ड ही आता केवळ मुंबई-पुण्याची चीज राहिलेली नाही. कराडचे कापड दुकान असो, मिरजेतील औषधांची पेढी असो की साताऱ्यातील हार्डवेअरचे दुकान, बँकेचा फोन सर्वांनाच येतो. ‘कार्ड घ्या, पॉइंट मिळवा, विमानाने फुकट फिरा,’ असे त्यात सांगितले जाते. या पॉइंटांचा खरोखर फायदा होतो का, होत असेल तर कुणाला, आणि आपल्या भागातील व्यापाऱ्याने तो कसा पदरात पाडून घ्यावा, याचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांना बँका नवीन नाहीत. सांगली बँक १९१६ सालची, तर साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ सालची. युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये आणि सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. १९४३ साली कोल्हापुरात सुरू झालेली रत्नाकर बँक कोल्हापूर-सांगली पट्ट्यातील छोट्या व्यापाऱ्यांना कर्ज देत मोठी झाली. तीच आज आरबीएल बँक म्हणून ओळखली जाते आणि देशभर क्रेडिट कार्डे देते. पूर्वी शाखेचा मॅनेजर दुकान पाहून, माणूस ओळखून कर्ज देई. आता पत संगणकावरच्या सिबिल आकड्यावरून ठरते. कार्ड चटकन मिळते ते यामुळेच. पण ते आपल्याला झेपेल की नाही, हे विचारणारा समोर कुणी नसतो. तो विचार आपणच करावा लागतो.

पॉइंटांचा पैसा येतो कोठून?

बँक पदरचे काही देत नाही. ग्राहकाने दुकानात हजार रुपयांचे कार्ड चालवले, की दुकानदाराच्या खात्यातून साधारण दीड-दोन टक्के कमिशन कापले जाते. दोन टक्के धरले तर वीस रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३ रुपये ६० पैसे. या वीस रुपयांतून ग्राहकाला पाच-दहा रुपयांचे पॉइंट मिळतात. म्हणजे आपण गिऱ्हाईक असताना जे मिळवतो, ते दुकानाच्या गल्ल्यावर बसल्यावर देत असतो. बँक खात्यातून यूपीआयने पैसे आले तर जानेवारी २०२० पासून असे कमिशन लागत नाही. सप्टेंबर २०२२ पासून मात्र रूपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येते. त्यामुळे क्यूआरच्या पाटीवर आलेला प्रत्येक पैसा खात्यातूनच आला असे समजू नये. महिनाअखेर कमिशनचा उतारा जरूर पाहावा.

पॉइंटांसाठी लागणारा पैसा आणखी एका ठिकाणाहून येतो, तो म्हणजे बिल थकवणाऱ्यांच्या व्याजातून.

एका महिन्याची चूक

समजा, एक दुकानदार दरमहा ४०,००० रुपये कार्डावर खर्च करतो आणि त्याला एक टक्का मोल परत मिळते. महिन्याला ४०० रुपये, वर्षाला ४,८०० रुपये. कार्डाची वार्षिक फी ५०० रुपये आणि जीएसटी मिळून ५९० वजा केले, तर निव्वळ ४,२१० रुपये उरतात. रक्कम वाईट नाही.

आता एका महिन्यात उधारी वसूल झाली नाही, म्हणून त्याने बिलावर छापलेली ‘किमान रक्कम’ म्हणजे पाच टक्के, २,००० रुपये भरले. उरलेल्या ३८,००० रुपयांवर महिना साडेतीन टक्क्यांनी १,३३० रुपये व्याज आणि त्यावर जीएसटी, मिळून १,५६९ रुपये झाले. गोष्ट येथेच थांबत नाही. जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. पुढच्या महिन्यातील ४०,००० च्या खरेदीवर सरासरी पंधरा दिवसांचे व्याज धरले, तरी जीएसटीसह ८२६ रुपये होतात. एकूण २,३९५ रुपये. सहा महिन्यांचे पॉइंट एका महिन्यात गेले! हा हिशेबही आम्ही सवलतीने केला आहे. प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या तारखेपासून लागते.

महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. त्यामुळे ती मर्यादाही आता आधाराला नाही. एटीएममधून कार्डावर रोकड काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळे शुल्क. ओळखीच्या दुकानात कार्ड घासून, दोन टक्के देऊन रोकड घेण्याचा मार्ग तर त्याहून वाईट. तो बँकेच्या नियमाबाहेरचा असून त्यात घेणारा आणि देणारा, दोघेही अडकतात.

आमच्या वाचकांसाठी व्याजाचा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. मुदतीत पूर्ण बिल भरल्यास व्याज लागत नाही. तरी व्याजाची अट असलेल्या करारावर सही करावी की नाही, याविषयी उलमांमध्ये मतभेद आहेत. तो निर्णय ज्याने-त्याने जाणकार आलिमांना विचारून घ्यावा. व्यापाराच्या पानावर आम्ही एवढेच म्हणू, की व्याज भरून पॉइंट मिळवणे हा हिशेबानेही तोट्याचाच सौदा आहे.

खरा फायदा मुदतीत

व्यापाऱ्याला पॉइंटांपेक्षा मोलाची आहे ती बिनव्याजी मुदत. बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघत असेल आणि २५ तारखेपर्यंत भरायचे असेल, तर ४ जूनला घेतलेल्या मालाचे पैसे २५ जूनला, म्हणजे २१ दिवसांत द्यावे लागतात. तोच माल ६ जूनला घेतला तर पैसे २५ जुलैला, म्हणजे ४९ दिवसांनी. ईदच्या हंगामाचा माल भरणाऱ्या कापड दुकानदाराला हा फरक मोठा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बिलाची तारीख ग्राहकाला निदान एकदा बदलून मिळते. आपली वसुली ज्या सुमारास होते, त्यानंतर पैसे भरण्याची तारीख येईल असे पाहावे. मात्र ठोक व्यापारी कार्डासाठी दोन टक्के जादा मागत असेल, तर रोख किंवा यूपीआयच बरे.

आपल्या भागाला कोणते पॉइंट?

साताऱ्यात किंवा सांगलीत प्रवासी विमानतळ नाही. विमानासाठी पुणे, कोल्हापूर किंवा बेळगाव गाठावे लागते. जो वर्षातून एकदा विमानात बसतो, त्याने विमानतळावरच्या लाउंजच्या आमिषाने हजारो रुपये फीचे कार्ड घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय २०२४ पासून अनेक बँकांनी लाउंजसाठी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्चाची अट घातली आहे.

आपला प्रवास मुख्यतः रेल्वेचा. विटा, खानापूर, आटपाडी आणि माण-खटाव भागातील गलाई बांधव सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त केरळ, तामिळनाडूपासून बंगालपर्यंत पसरले आहेत, आणि सणावाराला, लग्नकार्याला गावाकडे येतात. अशा कुटुंबांना आयआरसीटीसीशी जोडलेली कार्डे पाहण्यासारखी आहेत. स्टेट बँकेच्या कार्ड कंपनीने रूपेवर असे कार्ड २०२० मध्ये आणले, पुढे अन्य बँकांनीही आणली. वातानुकूलित डब्यांच्या तिकिटांवर त्यांत जादा पॉइंट मिळतात आणि ते पुन्हा तिकिटासाठीच वापरता येतात. स्लीपरने जाणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही, हेही लक्षात घ्यावे.

पॉइंट म्हणजे रुपया नव्हे. दीडशे रुपयांना दोन पॉइंट आणि पॉइंटाचे मोल पंचवीस पैसे असेल, तर शंभर रुपयांवर फक्त ३३ पैसे मिळतात. इंधन, घरभाडे, विमा आणि सरकारी भरणा यांवर अनेक कार्डे पॉइंट देतच नाहीत. काही बँका पॉइंट वापरण्यासाठीही शुल्क घेतात.

पॉइंट साठवू नयेत

हरिपूरच्या पेवांत हळद दीर्घकाळ टिके, म्हणून व्यापारी भावासाठी थांबू शकत असे. पॉइंटांचे तसे नाही. बहुतेकांची मुदत दोन-तीन वर्षांत संपते, आणि मोल कंपनी केव्हाही कमी करू शकते. किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये थांबली, त्याबरोबर प्रवाशांनी जमवलेले मैलही वाया गेले. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. तिची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीकडे असल्याने पॉइंट वाचले, पण ज्या विमानासाठी जमवले ते विमानच राहिले नाही. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा पॉइंट नव्या योजनेत गेले. वर्षातून एकदा पॉइंट वापरून खाते मोकळे करणे हेच शहाणपणाचे.

उमऱ्याला जाताना

परदेशी चलनात कार्ड चालवल्यास अनेक बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क आणि त्यावर जीएसटी घेतात. मक्का-मदिनेत ५०,००० रुपयांइतका खर्च केला तर २,०६५ रुपये शुल्क, आणि पॉइंट मिळतात ५०० रुपयांचे. म्हणून कमी शुल्काचे कार्ड आधी शोधावे, नाहीतर रियाल सोबत न्यावेत. यंत्राने ‘रुपये की रियाल?’ असे विचारले तर रियालच निवडावेत. रुपये निवडल्यास दुकानाच्या यंत्राचा महाग दर लागतो.

हक्क आणि खबरदारी

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार न मागता कार्ड देण्यास बँकेला मनाई आहे. बाकी नसताना कार्ड बंद करण्याचा अर्ज केला, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केले पाहिजे. उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला मिळतो. वर्षभरात कार्डाचे बिल दहा लाखांवर गेले, किंवा रोखीने एक लाखावर भरले, तर त्याची माहिती आयकर खात्याला जाते. तेव्हा दुकानाचा आणि घरचा खर्च एकाच कार्डावर करू नये.

कार्ड घेण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात : वर्षाची फी किती, आपल्या नेहमीच्या खर्चावर प्रत्यक्ष रुपये किती परत मिळतील, आणि गेल्या बारा महिन्यांत असा एखादा महिना होता का, ज्यात पूर्ण बिल भरता आले नसते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर पहिल्या दोन आकड्यांना काही अर्थ उरत नाही. अशा व्यापाऱ्याने कार्ड न घेण्यातच फायदा आहे.