आधी झाडे, मग मासे

कमी खर्चात घरातला फिश टँक कसा सुधारावा?

ईदीचे पैसे हातात पडले की हल्ली पुष्कळ मुलांना मासे हवे असतात. भंडाऱ्याच्या नाहीतर नागपूरच्या बाजारातून एक काचेची टाकी येते. सोबत निळे-गुलाबी खडे, प्लॅस्टिकची झाडे, बुडबुडे सोडणारी मोटर आणि पिशवीतले सात-आठ गोल्डफिश. चार दिवस सारे घर टाकीसमोर बसते. आठव्या दिवशी एक मासा उलटा तरंगताना दिसतो आणि पंधरवड्यात दोनच उरतात. मूल रडते. अम्मी म्हणते, "पाणी बदलले नसशील." अब्बा म्हणतात, "पैसे पाण्यात गेले."

बहुतेक वेळा यात मुलाचा दोष नसतो. मासे पाण्यात जी घाण करतात, ती पचवणारे त्या टाकीत काहीच नसते. अशा वेळी अधिक महाग फिल्टर किंवा मोठी टाकी घ्यावी असे वाटते. पण खरी गरज असते ती जिवंत पाणवनस्पतींची, थोड्या मातीची आणि महिनाभराच्या सब्राची. यातल्या बहुतेक गोष्टींना फारसे पैसे पडत नाहीत.

तलावांनी दिलेला धडा

पवनी तालुक्यातल्या कोंढ्यासारख्या गावात हे समजायला पुस्तक उघडावे लागत नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने येथे तलाव बांधले. भातशेतीला पाणी आणि ढिवर बांधवांना मासळी त्यांतूनच मिळत आली. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते, म्हणून आजही त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. १९५०-५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि हळूहळू त्यांची देखभाल सुटली. काठावर बेशरमाची झुडपे माजली. जास्त उत्पन्नासाठी बाहेरचे मासे सोडले गेले. त्यांतला ग्रासकार्प तर नावाप्रमाणे वनस्पतीच खातो. पाण्याखालची झाडे गेली, तसे त्यांच्या आधाराने अंडी घालणारे स्थानिक मासेही कमी झाले.

शेजारचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता. तिथल्या अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला सोबत घेऊन उलट वाट धरली. तलावातला बेशरम काढला, तळाची माती मोकळी केली आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. या कामात गावच्या स्त्रियाही पुढे आल्या. झाडे परतली, त्यांच्या मागोमाग मासे आणि पक्षी परतले. नुसते बीज सोडून जे साधले नव्हते, ते झाडे लावल्याने साधले.

काचेच्या टाकीलाही हाच नियम लागू आहे. गंमत अशी की, शहरातल्या दुकानात पैसे मोजून ज्या वनस्पती घेतल्या जातात, त्यांतल्या हायड्रिला, वॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्ट या तिन्ही आपल्याकडच्या तळ्यांत आपसूक उगवतात. हायड्रिला तर शाळेतल्या मुलांच्याही ओळखीची. उलट्या नरसाळ्याखाली ठेवून प्राणवायूचे बुडबुडे दाखवण्याच्या प्रयोगात हीच वनस्पती असते.

मासे का मरतात?

माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि सडलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. तो माशांना विषारी असतो. निसर्गात काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, पण नायट्रेट त्या मानाने बरेच सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूत आणि झाडांच्या पानांवर वस्ती करतात. ती वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत पहिल्याच दिवशी आठ मासे सोडले, तर विष तयार होते आणि ते पचवणारे कोणीच नसते.

जिवंत झाडे येथे दुहेरी काम करतात. ती अमोनिया थेट शोषून घेतात आणि उजेडात पाण्याला प्राणवायू देतात. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिले. तळाशी साधी माती, वर वाळू, भरपूर झाडे आणि मोजके मासे ही त्यांची पद्धत आज जगभर वापरली जाते. महागडी उपकरणे नसल्यामुळे ती आपल्या खिशालाही परवडते.

जुनी टाकी मोडू नका

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. सुरुवातीला एवढी टाकी पुरे. खडे आणि काच धरून तिचे वजन सत्तर किलोच्या वर जाते, म्हणून डगमगत्या टेबलावर ती ठेवू नये. खिडकीच्या थेट उन्हातही नको. पाणी तापते आणि शेवाळ माजते.

माती टाकायची तर पूर्ण टाकी रिकामी करावी लागते आणि ओल्या मातीतून सुरुवातीला अमोनियाही सुटतो. तितके दिवस मासे दुसऱ्या टबात, जुन्या फिल्टरसह ठेवावे लागतात. त्यापेक्षा सोपा उपाय कुंभाराकडे आहे. रंग न लावलेल्या लहान कुंड्या किंवा पसरट मातीची भांडी घ्या. त्यांत दोन बोटे माती भरा, वर दोन बोटे धुतलेली वाळू दाबा, त्यात झाड लावा आणि भांडे सावकाश टाकीत बसवा. झाड वाढले नाही तर भांडे तेवढे बाहेर काढता येते. सगळी भांडी एकाच दिवशी ठेवू नका. आठवड्याला एक-दोन ठेवा, म्हणजे मातीतून येणारा भार टाकीला पेलतो.

माती युरिया-डीएपी टाकलेल्या शेतातली नको, शेणखत मिसळलेलीही नको. परसातली साधी माती चाळून, तिच्यातली मुळे आणि काडीकचरा काढून घ्यावी. चिकट काळ्या मातीपेक्षा थोडी भुसभुशीत माती बरी. वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. तिच्यावर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती पाणी जड करील.

झाडे कुठून, कशी?

गावच्या तलावातून मूठभर फांद्या आणायला खर्च नाही. पण तलाव बहुधा मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असतो, म्हणून आधी विचारावे. मोठ्या माणसाशिवाय मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. आणलेली झाडे धुऊन, फिकट गुलाबी दिसेल इतक्याच पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवावीत. नंतर पुन्हा धुऊन दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवावीत. असे न केल्यास गोगलगायी आणि चतुराच्या अळ्या टाकीत येतात. चतुराची अळी लहान मासे खाते.

हॉर्नवर्टला मुळे नसतात, ते नुसते तरंगत ठेवले तरी वाढते. हायड्रिलाची फांदी वाळूत खोचली की मुळे धरते. मात्र ती फार वेगाने वाढते, म्हणून दर आठवड्याला छाटावी. वॅलिसनेरिया लावताना फक्त मुळे वाळूत दाबावीत. पाने जिथून फुटतात तो गड्डा वर राहिला पाहिजे. लावल्यावर तिची जुनी पाने पुष्कळदा गळून पडतात. ती मेली असे समजून उपटू नये, गड्ड्यातून नवी पाने येतात. बोअरचे जड पाणी या वनस्पतींना चांगले मानवते. त्यांतल्या हायड्रिला आणि वॅलिसनेरिया पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकतात. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडच्या महाग सिलिंडरची गरज पडत नाही.

पैसे कुठे खर्च करावेत?

पहिला खर्च उजेडावर. ‘खास ॲक्वेरियमचा’ दिवा लागतोच असे नाही. ६५०० केल्विन लिहिलेला, म्हणजे कूल डेलाइट, ९ ते १० वॅटचा घरगुती एलईडी या टाकीला पुरतो. तो झाकणाच्या वर, पाण्याचे शिंतोडे लागणार नाहीत असा बसवावा. रोज सहा ते आठ तासच उजेड द्यावा. जास्त उजेडाने झाडांपेक्षा शेवाळच वाढते. दुपारी चार ते रात्री अकरा ही वेळ बरी. मगरिबनंतर घरचे एकत्र बसतात तेव्हा टाकी उजळलेली असते.

दुसरा खर्च लहान एअर पंप आणि स्पंज फिल्टरवर. स्पंज नळाखाली धुऊ नये, क्लोरिनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा. ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या स्पंजचा तुकडा आणून आपल्या फिल्टरशेजारी ठेवावा. जिवाणूंची वस्ती लवकर बसते.

विजेचा हिशेब असा. १० वॅटचा दिवा सात तास आणि ४ वॅटचा पंप दिवसभर चालवला, तर महिन्याला सुमारे पाच युनिट जळतात. वीज गेली तरी घाबरू नये. झाडे भरपूर आणि मासे थोडे असतील, तर काही तास निभावतात. मात्र रात्री झाडेही प्राणवायू घेतात, म्हणून रात्रीची वीज लांबली तर पेल्याने पाणी वरून ओतून हलवत राहावे.

रंगीत खडे, प्लॅस्टिकचे किल्ले, तऱ्हेतऱ्हेच्या औषधी बाटल्या हे सारे इसराफात मोडते. त्या पैशांत दिवा आणि पंप दोन्ही बसू शकतात.

मासे सर्वांत शेवटी

झाडांना नवी पाने फुटू लागली आणि महिना उलटला की मासे आणावेत. तेही आधी तीन-चार. दोन-तीन आठवडे सारे ठीक राहिले तर आणखी थोडे. गोल्डफिश या टाकीला योग्य नाही. तो मोठा होतो, फार घाण करतो आणि कोवळी झाडे खातो. आधीचे गोल्डफिश उरले असतील तर मोठी टाकी किंवा हौद असलेल्या माणसाला द्यावेत.

सर्वांत स्वस्त आणि कणखर म्हणजे गप्पी. डासांच्या अळ्या खातात म्हणून आपल्या आरोग्य विभागाची गप्पी पैदास केंद्रे असतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी केली तर तिथूनही मिळू शकतात. ते अंडी घालत नाहीत, थेट पिल्ले देतात. त्यामुळे वाढू नयेत असे वाटत असेल तर फक्त नर ठेवावेत.

खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. घरात पाहुणे आले की प्रत्येक मूल चिमूट-चिमूट टाकते आणि पाणी नासते. ही जबाबदारी एकाच मुलाकडे द्यावी. दोन-तीन दिवस गावाला जायचे असेल तर मोठ्या माशांना उपाशी ठेवले तरी चालते. शेजाऱ्याने मूठभर खाद्य टाकणे त्याहून घातक.

दर आठवड्याला एक बादली, म्हणजे १२ ते १५ लिटर पाणी बदलावे. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचा क्लोरिन असतो, म्हणून ते उघड्या बादलीत २४ तास ठेवून मगच ओतावे. काढलेले पाणी नालीत सोडू नये. त्यात खत असते. मेहंदी, गुलाब किंवा कढीपत्त्याला ते द्यावे.

विदर्भातला उन्हाळा ही खरी कसोटी. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना सातच्याही खाली. एप्रिल-मेमध्ये टाकीचे झाकण काढून जाळी ठेवावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून पंख्याचा वारा जाऊ द्यावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फ टाकू नये, तापमान एकदम बदलले तर मासे दगावतात. कूलरमधले पाणी तर टाकीत चुकूनही ओतू नये.

तलावात काहीही सोडू नका

हौस फिटली, बदली झाली किंवा मासे वाढले की लोक ते जवळच्या तलावात सोडतात. मनात दया असते, पण परिणाम उलटा होतो. काच चाटणारा म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा अशाच मार्गाने भारतातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला. तो मच्छीमारांची जाळी फाडतो आणि बाजारात त्याला भाव नाही. वनस्पतींचेही तसेच. आपली साधी हायड्रिला १९५० च्या दशकात शोभेच्या टाक्यांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोहोचली. तिथल्या जलमार्गांत ती इतकी माजली की तिला आवरायला आजही मोठा खर्च करावा लागतो. इथे तलावाचा आधार असलेली वनस्पती तिथे संकट झाली.

म्हणून छाटलेली झाडे वाळवून कुंडीत टाकावीत आणि नको असलेले मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या शौकिनाला द्यावेत. कोंढ्याच्या परिसरातल्या तलावांवर कित्येक घरांची चूल पेटते. आपल्या दिवाणखान्यातल्या ५६ लिटर पाण्यापायी त्या घरांची मासळी धोक्यात येता कामा नये.

मुलाने या वेळी ईदीतून टाकी मागितली तर नाही म्हणू नका. फक्त पहिल्या महिन्यात तिच्यात एकही मासा नसेल, हे आधीच ठरवून घ्या. नुसत्या झाडांची टाकी रोज पाहणारे, कोणते पान नवे आले ते सांगणारे मूल पुढे माशांचीही काळजी घेईल.