डिफेंडर कॉर्नरला पुढे का जातो?

हिंगोलीत शाळेत आम्ही फुटबॉल खेळायचो, तेव्हा ज्याला जमत नाही त्याला मागे उभं करायचे. म्हणजे मला! म्हणून आज एका डिफेंडरबद्दल बोलू : मुंबईचा राहुल भेके.

१७ मार्च २०१९, आयएसएल फायनल, अंधेरी. बेंगळुरू विरुद्ध गोवा. नव्वद मिनिटं गोलच नाही. एक्स्ट्रा टाइमही संपत आला आणि ११७व्या मिनिटाला कॉर्नर, भेकेचं हेडर, गोल! बेंगळुरूची पहिली आयएसएल ट्रॉफी.

पण डिफेंडर तिथे काय करत होता? एरवी तो पुढे गेला तर मागे भगदाड पडतं. कॉर्नरला मात्र खेळ थांबलेला असतो, पुढे जायला वेळ मिळतो. मग दोन-तीन जण मागे ठेवायचे आणि हवेतले बॉल रोज डोक्याने काढणाऱ्यांना पुढे पाठवायचं. डोकं तेच, दिशा उलटी.

एप्रिल २०२२ मध्ये रियाधला पुन्हा तेच. मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं, विजयी हेडर भेकेचं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा हा पहिलाच विजय!

२०१९ च्या फायनलमध्ये समोर त्या सीझनचा टॉप स्कोअरर कोरो होता. तरी १२० मिनिटांत गोव्याला एकही गोल जमला नाही. हायलाइट्समध्ये ते कुठे दिसतं?