ग्राफिक्स ड्रायव्हरमधील कुलूपव्यवस्था

संगणकाच्या पडद्यावर चित्र निर्माण करणाऱ्या यंत्रणेचे नियंत्रण ज्या आज्ञावलीकडे असते, तिला ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात. या यंत्रणेची गरज एकाच वेळी अनेक कार्यांना लागते. एक आज्ञावली खिडकी रेखाटत असते, दुसरी चलच्चित्र दाखवीत असते, तर तिसरी माउसचा बाण हलवीत असते. त्यांच्या सामाईक माहितीत दोघांनी एकाच क्षणी बदल केल्यास ती विसंगत होते. हे टाळण्यासाठी माहिती वापरण्यापूर्वी तिचा ताबा घ्यावयाचा व काम संपताच तो सोडावयाचा, अशी योजना असते. तीस कुलूप किंवा लॉक म्हणतात. कुलूप एकाच्या ताब्यात असता इतरांना थांबावे लागते. त्यामुळे माहितीच्या शुद्धतेसाठी कुलूप आवश्यक असले, तरी गरजेपेक्षा व्यापक किंवा निरर्थक कुलपांमुळे यंत्राची गती घटते.

पूर्वपीठिका : अनेक प्रक्रियांपैकी एका वेळी एकीलाच सामाईक माहितीपर्यंत पोहोचू देण्याचा प्रश्न डच संगणकशास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये कितीही प्रक्रियांसाठी सोडवून दाखविला. १९६७ मध्ये अमेरिकन अभियंते जीन अ‍ॅमडाल यांनी दाखवून दिले, की कामाचा जो भाग क्रमानेच करावा लागतो, तो एकूण वेगवाढीस मर्यादा घालतो. असा भाग एकचतुर्थांश असल्यास प्रक्रियकांची संख्या कितीही वाढविली, तरी वेग चौपटीपलीकडे जात नाही. कुलपापाशी रांगेने होणारे काम याच प्रकारात मोडते.

लिनक्स या संगणक प्रणालीचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९९६ मधील २.० या आवृत्तीत अनेक प्रक्रियकांची सोय झाली, तेव्हा प्रणालीच्या संपूर्ण गाभ्यास ‘बिग कर्नल लॉक’ हे एकच कुलूप लावण्यात आले. जुनी रचना फारशी न बदलता सुरक्षितता मिळत असल्याने हा मार्ग सोयीचा होता. पुढे त्याची जागा लहान लहान कुलपांनी घेतली. तथापि ते पूर्णपणे काढून टाकण्यास २०११ साल उजाडले. ग्राफिक्स ड्रायव्हरही लहान प्रमाणावर याच मार्गाने गेले.

एक उदाहरण : २०१३ पूर्वी लिनक्समध्ये पडद्यांच्या मांडणीसंबंधीची बहुतेक माहिती एकाच कुलपाखाली होती. कोणता पडदा जोडला आहे हे पाहण्यासाठी ड्रायव्हर त्या पडद्याकडून त्याची ओळखमाहिती मागवितो. तिचा एक खंड १२८ बाइटांचा असतो व तो दोन तारांच्या मंदगती वाहिनीवरून वाचला जातो. प्रत्येक बाइटास पोचेच्या बिटासह ९ बिटे लागतात, म्हणजे एका खंडास १,१५२ बिटे. सेकंदाला १ लाख बिटे या वेगाने त्यास सु. ११.५ मिलिसेकंद लागतात. अनेक पडद्यांची माहिती दोन खंडांत असते. तिच्यासाठी २३ मिलिसेकंद जातात. याउलट सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर एका चित्रास १६.७ मिलिसेकंदच मिळतात. परिणामी ओळखमाहितीचे वाचन चालू असता माउसचा बाण क्षणभर अडकत असे. वस्तुतः बाणाची जागा व पडद्याची ओळख यांचा परस्परांशी संबंध नाही. दोन्ही एका कुलपाखाली आल्या होत्या एवढेच. २०१३ मध्ये प्रत्येक चित्रवाहिनीस स्वतंत्र कुलूप देण्यात आले. त्याचबरोबर पडद्यावरील चित्राच्या स्मृतिखंडांसाठी संदर्भगणना सुरू झाली. खंड कितीजण वापरीत आहेत याची नोंद राहिल्याने तो वापरात असेतो नष्ट होत नाही, व केवळ तेवढ्यासाठी कुलूप धरून ठेवावे लागत नाही.

अनावश्यक कुलपांची लक्षणे : कुलूप आज्ञांच्या अमुक ओळींचे नव्हे, तर विशिष्ट माहितीचे रक्षण करते, हे येथील मूलतत्त्व होय. कुलपाखालील माहिती नेमकी सांगता येत नसेल, तर ते तपासणीस पात्र ठरते. प्रारंभी एकदाच निश्चित होऊन पुढे न बदलणाऱ्या माहितीस (उदा., यंत्रणेतील चित्रवाहिन्यांची संख्या) वाचताना कुलूप लागत नाही. एकच कार्य जी माहिती वापरते, तिलाही ते नको. क्वचित बदलणारी पण वारंवार वाचली जाणारी माहिती क्रमांकाच्या साहाय्याने वाचता येते. वाचनापूर्वी व नंतर क्रमांक पाहावयाचा. तो बदललेला असल्यास किंवा बदल चालू असल्याचे दर्शवीत असल्यास पुन्हा वाचावयाचे. पडद्याच्या चित्रांची गणना व त्यांची वेळ लिनक्समध्ये अशा रीतीने वाचली जाते. कुलूप खरोखरच आवश्यक असेल, तेथे निदान मंद कामे त्याच्या बाहेर न्यावीत.

धोके : कुलपे लहान केली की त्यांची संख्या वाढते. दोन कार्यांनी दोन कुलपे उलट क्रमाने घेतल्यास दोन्ही कायमची अडकून पडतात. यासाठी कुलपांचा क्रम ठरवून द्यावा लागतो. रेखाटनाच्या एका आदेशास अनेक स्मृतिखंड लागतात व त्यांचा क्रम वापरणाऱ्या आज्ञावलीवर अवलंबून असतो. अशा वेळी पूर्वनियोजित क्रम शक्य नसतो. यावर २०१३ मध्येच लिनक्समध्ये निराळी कुलपे आली. त्यांत अडचण उद्‌भवल्यास नंतर आलेले कार्य आपली कुलपे सोडून आधी आलेल्यास वाट देते व मग पुन्हा प्रयत्न करते.

आवश्यक कुलूप चुकून काढले गेल्यास होणारा दोष याहून फसवा असतो. दोन कार्यांची विशिष्ट गाठ पडली तरच तो प्रकट होतो. लाखो वेळा काम बिनचूक होऊन एखाद्याच वेळी चित्र बिघडते किंवा संगणक बंद पडतो. म्हणून केवळ चाचणी यशस्वी झाली, हा कुलूप अनावश्यक असल्याचा पुरावा ठरत नाही. कुलपांचा चुकीचा क्रम शोधणारी तपासनी लिनक्समध्ये २००६ पासून आहे व कुलपाविना होणारा परस्परविरोधी वापर हुडकणारी २०२० पासून आहे. तथापि ही साधने प्रत्यक्ष घडलेल्या व्यवहारांचीच छाननी करतात. कोणती माहिती कोणत्या कुलपाखाली आहे, याची लिखित नोंद व तीवर आधारलेला विचार यांनाच अखेर महत्त्व राहते.