उन्हाळ्यांत शेतावरील कुत्र्याची निगा

बैलांस उन्हांत कसें जपावें हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. औत केव्हां सोडावें, पाणी केव्हां दाखवावें, हें त्यांस पिढीजात ठाऊक असतें. परंतु त्याच बैलांमागून शेतावर येणारें व रात्रीं खळें राखणारें कुत्रें या हिशेबांत धरलें जात नाहीं. काटक जनावरास ऊन बाधत नाहीं अशी समजूत आहे. ती खोटी आहे.

मनुष्याच्या सर्वांगास घाम सुटतो व तो वाळतांना अंग निवतें. कुत्र्यास घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांस. त्याचा उपयोग फार थोडा. त्याचें अंग निवतें तें धापेनें. जलद श्वासाबरोबर तोंडांतील व नाकांतील ओलावा उडतो आणि उष्णता घेऊन जातो. दमट हवेंत हा ओलावा नीट उडत नाहीं. म्हणून कोंकणांत पारा विदर्भाहून खालीं असला तरी धोका टळत नाहीं. कुत्र्याच्या अंगाची स्वाभाविक उष्णता १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ती १०५ च्या पुढें गेली कीं जिवावर बेततें.

ही गोष्ट मीं फार महाग शिकलों. कचेरींतून निवृत्त होऊन शेतीकडे लक्ष घालूं लागलों, त्या पहिल्याच वैशाखांत एके दिवशीं भर दुपारीं फटफटीवरून शेताकडे निघालों. आमचा मोत्या डांबरी सडकेनें मागें धांवत होता. शेताजवळ येतांच तो झोकांड्या खाऊन पडला. मीं त्याच्या अंगावर ओलें पोतें घातलें व तो निवेल म्हणून वाट पाहत बसलों. दिवस मावळण्यापूर्वींच तो गेला. गुरांच्या डॉक्टरांनीं मागाहून सांगितलें कीं, तसेंच पडून राहिलेलें ओलें पोतें वारा लागूं देत नाहीं व उष्णता आंत कोंडतें. पण मूळ चूक त्याआधींची होती. धनी पुढें जात असतां कुत्रें आपण होऊन थांबत नाहीं. थांबावयाचें धन्यानें.

तेव्हां पुढील गोष्टी पाळाव्या. कुत्र्यास न्यावयाचें तें पहांटे. सायंकाळीं सडक बराच वेळ तापलेली राहते; तळहाताची मागची बाजू तिजवर टेकून सात मोजीपर्यंत सोसवली नाहीं, तर तीवर कुत्र्याचे पंजेही पोळतील. वाहनामागें त्यास धांवडवूं नये. तोंड दोरीनें आवळूं नये. धाप बंद झाली कीं निवण्याचा मार्गच बंद झाला. बंद मोटारींत थोडा वेळही ठेवूं नये. शेतावर झाडाच्या सांवलींत पसरट भांड्यांत पाणी ठेवावें. म्हातारें, लठ्ठ, दाट केसांचें किंवा चपट्या नाकाचें कुत्रें असल्यास दुप्पट जपावें.

धाप थांबेना, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, ओकारी आली किंवा पाय लटपटले, तर ऊन लागलें असें समजावें. लगेच सांवलींत नेऊन विहिरीचें थंड पाणी सर्वांगावर, विशेषतः पोटावर व जांघांत, ओतीत राहावें आणि वारा घालावा. नाकातोंडांत पाणी जाऊं देऊं नये. शुद्धीवर असल्यास थोडें थोडें पिऊं द्यावें. बळें पाजूं नये. मनुष्याचें तापावरील औषध मुळींच देऊं नये. आधीं अंग निववावें, मग गुरांच्या दवाखान्यांत न्यावें. उठून उभें राहिलें तरी न्यावेंच. कारण मूत्रपिंड, यकृत इत्यादिकांस झालेली इजा एकदोन दिवसांनीं प्रकट होऊं शकते.

यांत पैशाचा खर्च नाहीं. दोन घटका लवकर निघणें व भांडेंभर पाणी, एवढेंच लागतें. राखणीचा मोबदला म्हणून कुत्रें आपणाजवळ याहून अधिक मागत नाहीं.